दिवाणखान्यातला चंद्र: राख, एक दिवा आणि कॅमेरा

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितोय.

चांद्रयान ३चा विक्रम चंद्रावर उतरला २३ ऑगस्ट २०२३ला आणि त्या वर्षी गणपती बसले १९ सप्टेंबरला. मधे चार आठवडेसुद्धा नव्हते. घरचं मखर बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे देखावा कशाचा हे त्या वर्षी कुणी विचारलंच नाही. थर्माकोलची जमीन, तिच्यावर पांढरा डिस्टेंपर, पुठ्ठ्याचा विक्रम, काडेपेटीचं प्रज्ञान (विक्रममधून उतरलेली छोटी गाडी), मागे निळ्या दिव्यांची माळ. येणाऱ्याजाणाऱ्यांना आवडला. पण रात्री मोबाईलवर फोटो पाहिले आणि मन खट्टू झालं. त्यात टेबल होतं, थर्माकोल होता, माळ होती. चंद्र नव्हता.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी हाच उद्योग चालू आहे: घरात चंद्र मांडायचा आणि त्याचा फोटो असा काढायचा की पाहणाऱ्याला क्षणभर तिथे गेल्यासारखं वाटावं. जे कळलं ते इथे ठेवतो. तुमच्यापैकी कुणी असलं काही केलं असेल तर सांगा, मला शिकायचं आहे.

आधी मातीचं. चंद्राची माती पांढरी नसते, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. पौर्णिमेचा चंद्र दुधासारखा दिसतो तो भोवतालच्या काळ्या आकाशामुळे. प्रत्यक्षात त्याच्यावर पडलेल्या उजेडातला सरासरी १२ टक्केच परत फिरतो. म्हणजे चंद्र साधारण जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट आहे. मी आमच्या पोळेतल्या, म्हणजे गल्लीतल्या, इस्त्रीवाल्यांकडून राख आणतो, आईच्या जुन्या सुती पातळातून ती वस्त्रगाळ करतो आणि तीन वाट्या राखेला एक वाटी कोळशाची पूड मिसळतो. वस्त्रगाळ का, तर एक जरी खडा मोठा राहिला तरी फोटोत तो धोंडा दिसतो आणि सगळं प्रमाण बिघडतं. या राखेत बोट दाबून उचललं की ठसा जसाच्या तसा राहतो, कडासुद्धा ढासळत नाहीत.

विवरांसाठी गोट्या, छर्रे आणि मोहरी वेगवेगळ्या उंचीवरून टाकतो. मोठी विवरं मोजकी, बारीक असंख्य. आणि एक गोष्ट चुकून हाती लागली. आरतीच्या वेळी कुणीतरी पंखा लावला आणि राख खोलीभर झाली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मी पातळ केलेला फेविकोल स्प्रेच्या बाटलीतून मारला. धुकं पडायच्या ऐवजी थेंब पडले, कारण बाटलीचं तोंड तुंबलं होतं. मला वाटलं मेहनत गेली. वाळल्यावर दिवा धरून पाहिलं तर प्रत्येक थेंबाने एक नीटस विवर केलं होतं, काठाला वर उचललेल्या कडेसकट! आता मी मुद्दाम तसेच थेंब पाडतो.

पण खरा मुद्दा उजेडाचा. चंद्रावर हवा नाही, म्हणून आभाळाचा उजेड नाही. सूर्य एकच आणि सावली काळीकुट्ट. आपल्या खोलीत मात्र पांढऱ्या भिंती, छत, फरशी, सगळं उजेड परत फेकत असतं आणि सावल्या पुसून टाकतं. मी तीन बाजूंना काळं मखमली कापड टांगलं, तरी विक्रमच्या सावलीत करडेपणा उरायचाच. दोन संध्याकाळी शोधत होतो. शेवटी लक्षात आलं की माझ्या अंगात पांढरा सदरा आहे आणि मी हातभर अंतरावर उभा आहे. काळा टीशर्ट घालून आलो आणि सावली बुडाली.

दिवा केवढा आणि किती लांब? याचा हिशेब मला फार आवडला. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट अंतरावर आहे. आपल्या दिव्याचा व्यास १ सें.मी. असेल तर तो १०८ सें.मी.वर ठेवा, सावलीची कड जेवढी धूसर सूर्याने होते तेवढीच होईल. मी एलईडी टॉर्चवर काळा कागद लावून त्याला १ सें.मी.चं भोक पाडलंय.

दिवा किती उंच, तेही जागेवरून ठरतं. विक्रम सुमारे ६९ अंश दक्षिणेला आहे. तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या २१ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणून तर प्रज्ञानचा सौर तक्ता आडवा न ठेवता उभा केला होता. दिवा खाली आणला की राखेतली मोहरीएवढी विवरंसुद्धा उठून येतात. मात्र दिवा कॅमेऱ्याच्या पाठीशी कधीच नको, सगळं सपाट होतं.

मोजमापं १:१०. प्रज्ञान खरं ९१.७ सें.मी. लांब आणि ७५ सें.मी. रुंद, म्हणजे आपलं ९ बाय साडेसात. विक्रमचा सांगाडा २ मीटर चौरस, आपला २० सें.मी.चा. आणि २७ ऑगस्टला प्रज्ञानच्या वाटेत ४ मीटरचं विवर आलं होतं, त्यामुळे त्याला वळवावं लागलं. ते माझ्या फळीवर ४० सें.मी.चं झालंय आणि त्यानेच बरीच जागा खाल्ली आहे. फळी म्हणजे जुन्या कपाटाचं दार, ६० सें.मी. रुंद, मीटरभर लांब.

मोबाईल उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली येते, राखेपासून तीन-चार सें.मी.वर. तिथून प्रज्ञानच्या नजरेने विक्रम दिसतो. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत तो कायम खेळणंच दिसणार.

खडीसाखर

वाचनखूण साठवली. थेंबांची विवरं फारच आवडली, आजच करून बघते.

एक विचारू? विक्रमच्या अंगावरचं ते सोनेरी कसं केलंत? आमच्याकडे शाळेच्या प्रकल्पात सोनेरी चमकी कागद लावला होता, तो लग्नाच्या रुखवतासारखा दिसत होता.

दांडियाबाजार

ताई, मीही आधी तोच कागद लावला होता. मग वाचलं की यानावर जे दिसतं ते सोनं नसतंच. पॉलिइमाइड नावाचं पिवळसर पारदर्शक प्लास्टिक असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर. चांदी पिवळ्या काचेतून पाहावी तसं ते सोनेरी दिसतं. असे अनेक थर एकावर एक ठेवून यानाला उष्णतेपासून आणि थंडीपासून जपतात.

मग आपणही तेच करायचं. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल हातात चुरगळून पुन्हा हलकेच उलगडायचा आणि त्यावर भेटवस्तूंना लावतात तो पिवळा जिलेटिन पेपर. एक थर फिका वाटला तर दोन. फॉइल फार गुळगुळीत ठेवू नका. खरं आवरणसुद्धा ताणून बसवलेलं नसतं, ठिकठिकाणी फुगलेलं, दुमडलेलं असतं. प्रत्येक सुरकुतीवर दिव्याचा वेगळा ठिपका येतो आणि कडेला नारिंगी झाक येते.

टाचणीने शिवणीची भोकं पाडली की आणखी जिवंत होतं. मी एका बाजूला १४० भोकं पाडली. फोटोत ती सुटी दिसत नाहीत, पण नसली की कळतं.

जुनी_रीळ

प्रतापगंजमध्ये राहतो. वयाची बरीच वर्षं डार्करूममध्ये गेली. धागा वाचून फार आनंद झाला म्हणून सविस्तर लिहितो.

दांडियाबाजार, तुमचा १०८चा हिशेब सावलीच्या कडेपुरता बरोबर आहे, पण त्याने दुसरी गोष्ट बिघडते. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. तुमची फळी दिव्याच्या दिशेने ६० सें.मी. आणि दिवा अलीकडच्या कडेपासून १०८ सें.मी.वर. म्हणजे पलीकडची कड १६८वर. दोन्ही कडांवरच्या उजेडात जवळजवळ अडीच पटींचा फरक पडतो. खरा सूर्य १५ कोटी कि.मी. दूर आहे, त्याला विक्रमची अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू सारखीच. पाहणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण एका बाजूला उजेड मावळत गेलेला दिसला की मन ओळखतं, दिवा जवळ आहे, म्हणजे हे लहान आहे.

उपाय सोपा. दिवा ४ मीटरवर न्या. फरक सुमारे १.३ पटींवर येतो. आणि १०८चं प्रमाण राखायला दिव्याचं तोंड ४ सें.मी.च्या जवळपास हवं, म्हणजे साध्या हातबॅटरीएवढंच. वीस अंशांसाठी तो फळीपेक्षा दीड मीटर वर धरा. दांडिया बाजारातली जुनी घरं लांबलचक असतात, तुम्हाला जागा मिळेल.

दुसरं, फोकसची खोली, म्हणजे जवळपासून लांबपर्यंतचं किती स्पष्ट येतं ते. खूप लोक लहान वस्तूंचा फोटो एफ/२.८ला, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, काढतात, मागचं सगळं विरघळवतात आणि खूश होतात. फुलाचा फोटो असेल तर जरूर. पण मागचं धूसर झालं की डोळा लगेच म्हणतो, हे टेबलावरचं आहे. चंद्राचं तर उलटच आहे. पावसाळा सरल्यावर अगाशीवरून पावागढ पाहिलाय? ५० कि.मी.वरचा डोंगर निळसर, फिका, पाण्यात भिजवल्यासारखा दिसतो. ती मधल्या हवेची करामत. चंद्रावर हवाच नाही, तिथला पावागढ पायापाशी पडलेल्या दगडाइतकाच ठळक दिसला असता. अपोलोच्या अंतराळवीरांनाही यामुळे अंतरं चुकत होती. म्हणून एफ/१६ ठेवा, म्हणजे तोंड बारीक, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि शटर खुशाल काही सेकंद उघडं राहू द्या. आपला चंद्र हलत नाही.

मोबाईलवाल्यांना इथे लाभ आहे. सेन्सर एवढासा असल्याने फोकसची खोली आपोआप जास्त मिळते. फक्त नाइट मोड आणि एचडीआर बंद करा. ते दोन्ही काळ्या सावलीतून ओढून ओढून तपशील काढतात आणि तुम्ही काळा टीशर्ट घालून जे कमावलं ते घालवतात.

शाडूमाती

बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकले, आता शिकवते. हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण चंद्राचं मॉडेल करून त्याचा फोटो काढणं ही दीडशे वर्षांची जुनी कला आहे. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते.

जेम्स नॅस्मिथ नावाचे स्कॉटिश अभियंते होते, वाफेच्या घणासाठी प्रसिद्ध. त्यांना चंद्राचा नाद. त्या काळी दुर्बिणीतून चंद्राचे बारकावे टिपणारे फोटो निघत नव्हते. डोळ्याला दिसायचं ते काचेवर उतरायचं नाही. मग ते दुर्बिणीतून पाहून चित्रं काढत, त्यावरून प्लास्टरची मॉडेलं करत, ती उन्हात तिरपी ठेवत आणि त्यांचे फोटो काढत. जेम्स कार्पेंटर या खगोलशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १८७४ साली ते प्रसिद्ध केले. आजही ते फोटो पाहिले की थबकायला होतं.

पण त्यांचे डोंगर फार उभे आणि टोकदार आहेत. सूर्य क्षितिजाला टेकला असताना छोटासा उंचवटाही लांबच लांब, अणकुचीदार सावली टाकतो. ती सावली पाहून त्यांना डोंगरही तसाच वाटला. पुढे चंद्रावर यानं उतरली तेव्हा दिसलं की चंद्राचे डोंगर गोलसर, झिजलेले आहेत. तिथे वारा-पाऊस नसला तरी अब्जावधी वर्षं बारीक उल्कांचा मारा चालू आहे.

आपल्याला यातून काय घ्यायचं, तर मॉडेल सौम्य ठेवा. सावलीला तिचं काम करू द्या. माझे विद्यार्थी हटकून कडे उभे करतात आणि मग खालून दिवा लावला की सगळं भुताच्या सिनेमासारखं होतं. उतार हाताला जेमतेम जाणवेल इतका करा आणि दिवा खाली आणा.

दांडियाबाजार, तुमच्या विवरांना मधे शिखर नाही हे अगदी बरोबर केलंय. मधलं शिखर फक्त मोठ्या, कितीतरी कि.मी. रुंदीच्या विवरांत असतं. चार मीटरचं विवर म्हणजे साधी वाटी. टायको या चंद्रावरच्या मोठ्या विवरासारखं काही करायचं झालं तर मात्र राख सोडून पीओपीकडे या. पाण्यात पीओपी भुरभुरवायचं, उलट नाही. ते स्वतःहून भिजून खाली बसेपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर बुडबुडे राहतात.

आणि सगळ्यांना कळकळीची विनंती. राख चाळताना, कोळसा कुटताना तोंडाला मास्क लावा. सिमेंट वापरू नका, फुप्फुसाला आणि हाताच्या कातडीला दोन्हीला वाईट. मुलं सोबत असतील तर चाळणं अंगणातच.

कारेलीबागची_आई

माझी मुलगी सातवीत आहे. दर दिवाळीत आम्ही किल्ला करतो, आजूबाजूची गुजराती मुलंही येतात. यंदा ती म्हणाली, किल्ला नको, चंद्र करू. हा धागा तिला वाचून दाखवला. सगळं पटलं, फक्त एकच हट्ट आहे. तिला आकाशात तारे हवेत. काळ्या पुठ्ठ्याला सुईने भोकं पाडून मागून दिवा लावायची तिची कल्पना आहे आणि ती मला फार सुंदर वाटते. पण वरचं वाचून शंका आली. चंद्रावरच्या फोटोंत तारे नसतात ना?

जुनी_रीळ

नसतात, बरोबर. उन्हातली जमीन टिपायला शटर सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाएवढंच उघडतं. तारे टिपायला काही सेकंद लागतात. जमीन नीट आली की आकाश काळंच येणार. पृथ्वीवरही रात्री क्रिकेटच्या मैदानावर दिवे लावले असताना वर फोटो काढून पाहा.

म्हणून माझं मत, तारे नकोत. मुलांना लहानपणीच खरं दाखवावं.

शाडूमाती

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. ती मुलगी अहवाल लिहीत नाहीये, चित्र करतेय. कमाटीबागेतल्या तारांगणात दिवे विझून पहिला तारा उगवतो तेव्हाचा तो श्वास रोखलेला क्षण आठवा. तिला तो हवाय. तो चुकीचा ठरवून तिच्याकडून काढून घेऊ नका. भोकं पाडू दे तिला.

लोणारकर

मधेच बोलतो. माझं मूळ गाव लोणारजवळ, सध्या नोकरीनिमित्त बडोद्यात.

ताऱ्यांचा प्रश्न सुटू शकतो, कुणालाच माघार घ्यायला नको. मुलीला चंद्रावरची रात्र करायला सांगा. तिथे सुमारे १४ दिवस दिवस आणि १४ दिवस रात्र. रात्री सूर्य क्षितिजाखाली, जमीन अंधारात, तेव्हा शटर हवं तितका वेळ उघडं ठेवता येतं आणि तारे खरोखर येतात. शिवाय विक्रम आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूलाच आहे, त्यामुळे तिथून पृथ्वी कायम दिसते, क्षितिजापासून साधारण १७ अंशांवर. ती फारशी हलतही नाही. तिथल्या मध्यरात्रीच्या आसपास पृथ्वी पूर्ण उजळलेली असते, म्हणजे जमिनीवर मंद पृथ्वीप्रकाश असतो.

पृथ्वी केवढी करायची? चंद्रावरून ती आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या पावणेचार पट मोठी दिसते, सुमारे १.९ अंश. कॅमेऱ्यापासून २ मीटरवर टांगायची असेल तर साडेसहा सें.मी., म्हणजे लहान संत्र्याएवढी.

आता मातीबद्दल. लोणारचं विवर सुमारे १.८ कि.मी. व्यासाचं, बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या दगडात, झालेलं. पृथ्वीवर बेसॉल्टमधलं इतकं चांगलं टिकलेलं आघाती विवर दुसरं नाही, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे तिथे येतात. चंद्राचे काळे डाग म्हणजे तिथले ‘समुद्र’, तेही बेसॉल्टच. १९६९ मध्ये अपोलो ११ उतरलं ते शांततेच्या समुद्रात. ते करायचं असेल तर आपल्या इथल्या काळ्या दगडाची क्रशरवरची भुकटी चाळून घ्या, याहून जवळचं काही मिळणार नाही. विक्रम मात्र समुद्रात उतरलेला नाही, तो उंचवट्याच्या प्रदेशात आहे. तिथला खडक ॲनॉर्थोसाइट जातीचा, उजळ. इस्रोने चांद्रयान २च्या चाचण्यांसाठी बंगळुरूला खोटी चंद्रभूमी केली तेव्हा तमिळनाडूतल्या सित्तमपुंडी आणि कुन्नमलई या गावांतून असाच खडक आणून दळला होता. तेव्हा दांडियाबाजार, तुमच्या मिश्रणात कोळसा थोडा कमी करून बघा.

कारेलीबागची_आई

दादा, रात्रीची कल्पना ऐकून ती उडालीच! म्हणाली, म्हणजे झोपलेला विक्रम. सप्टेंबरमध्ये त्याला झोपवलं होतं आणि २२ तारखेला हाक मारली तर तो उठला नाही, हे तिला तारीखवार पाठ आहे. कामाला लागलोय.

साबणाचा_फुगा

सगळे चंद्रावर आहेत, मी गुरूवर नेतो. माझ्याकडे मॉडेल करायचा धीर नाही, पण कॅमेरा आहे.

भांडी घासायच्या द्रवात पाणी आणि थोडं ग्लिसरीन घालायचं. जाड तारेचं कडं वळवून त्यात बुडवायचं आणि उभं धरायचं. मागे काळं मखमल, बाजूला पांढरी चादर ताणून तिच्यावर दिवा. चादरीचं प्रतिबिंब पडद्यात दिसेल अशा कोनातून कॅमेरा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग वरून पाणी खाली झिरपू लागतं, पडदा वर पातळ आणि खाली जाड होतो आणि आडवे पट्टे उमटतात: गुलाबी, मोरपंखी, पिवळा, पुन्हा गुलाबी. हे रंग साबणाचे नाहीत, पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परतलेल्या उजेडाच्या आपसातल्या मिळवणी-वजाबाकीचे आहेत. आता सरबताची नळी घेऊन एका बाजूने अगदी हलकी फुंकर घाला. पट्टे भोवऱ्यात गुंडाळले जातात, गुरूवरच्या लाल डागासारखे.

शेवटी वरच्या कडेला काळा पट्टा दिसू लागतो. तिथे पडदा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच पातळ झालेला असतो. तो दिसला की दोन-चार सेकंदांतच फुटतो. माझे सगळ्यात चांगले फोटो त्याच दोन-चार सेकंदांतले आहेत. शटर १/२५०च्या खाली नेऊ नका, पट्टे सतत वाहत असतात.

खडीसाखर

थेंबांची विवरं जमली! पण फेविकोल जास्त झाला आणि राखेला चकाकी आली. काय करू?

दांडियाबाजार

वरून पुन्हा कोरडी वस्त्रगाळ राख चाळणीतून भुरभुरवा आणि जादाची मऊ ब्रशने झाडा. चकाकी जाते. पुढच्या वेळी एका भागाला दहा भाग पाणी.

काका, तुमचं ऐकून काल रात्री दिवा ४ मीटरवर नेला. फळी दिवाणखान्यात, बॅटरी मधल्या खोलीतून, माळ्याच्या शिडीवर बांधलेली. दोन खोल्यांच्या मधलं दार उघडं आणि त्याच्या चौकटीला काळं कापड, फक्त बॅटरीपुरती फट. यामुळे आणखी एक फायदा झाला, बॅटरीचा उजेड दिवाणखान्याच्या भिंतींवर पडलाच नाही.

लोणारकरांच्या सांगण्यावरून कोळसा निम्म्यावर आणला. मोबाईल उलटा, आयएसओ १००, शटर ४ सेकंद, पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) दिवसाच्या उजेडावर बांधून ठेवला. आधी फोटोत विक्रमच्या मागची जमीन अंधारात विरत जायची. आता ती क्षितिजापर्यंत एकसारखी उजळ आहे आणि एका रेषेत तुटते. पुढे मखमल, काळं. प्रज्ञानच्या चाकांचे ठसे विवराच्या काठापर्यंत जातात आणि तिथून वळतात. मागच्या चाकांवर मी इस्रोचं बोधचिन्ह आणि सिंहमुद्रा कोरायचा प्रयत्न केला होता, खऱ्या प्रज्ञानसारखा. तीन मि.मी.मध्ये सिंह काही जमले नाहीत, पण राखेत काहीतरी नक्षी उमटलेली दिसते.

वडिलांना दाखवला. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हा तर पेपरात आलेला.

जुनी_रीळ

अभिनंदन. क्षितिजाबद्दल एक सुचवतो. चंद्र पृथ्वीपेक्षा लहान असल्याने तिथलं क्षितिज जवळ असतं, उभ्या माणसाला सुमारे अडीच कि.मी.वर. फळीची पलीकडची कड कानशीने किंचित गोलसर करा. कापल्यासारखी कड राहणार नाही.

कारेलीबागची_आई

काल रात्री फोटो झाला. सगळ्यांचे आभार, म्हणून नीट सांगते.

पुठ्ठ्याला तिने सुईने भोकं पाडली, मोजून ३१२. सगळी सारखी दिसायला लागली तेव्हा तिची तीच म्हणाली की काही तारे मोठे हवेत. मग थोड्या भोकांत दाभण फिरवलं. मागे ट्यूबलाइट लावली आणि मधे बटर पेपर, म्हणजे ट्यूब दिसू नये. पृथ्वीसाठी साडेसहा सें.मी.चा प्लास्टिकचा चेंडू निळा-पांढरा रंगवला आणि काळ्या दोऱ्याने टांगला. १७ अंश तिने कंपासातल्या कोनमापकाने मोजले, जमिनीवर पालथी पडून.

पृथ्वीप्रकाशासाठी दुसरी बॅटरी, पांढऱ्या कागदाचे चार थर लावून, पृथ्वीच्या दिशेनेच. शाडूमाती ताई, तुम्ही म्हणालात तसं उतार अगदी सौम्य ठेवले, राख अंगणात चाळली, दोघींनी मास्क लावले.

खोलीतला दिवा बंद केल्यावर काही क्षण काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले. आधी तारे, मग पृथ्वी, आणि बऱ्याच वेळाने राखेत उभा असलेला विक्रम, एका बाजूने जेमतेम उजळलेला. आम्ही दोघी कुजबुजतच बोलत होतो.

शटर ३० सेकंद. तेवढा वेळ तिने श्वास रोखून धरायचा प्रयत्न केला, जमिनीला धक्का लागू नये म्हणून. जमलं नाही, पण फोटो हललेला नाही.

जुनी_रीळ

पृथ्वी जास्त उजळ आली का?

कारेलीबागची_आई

हो काका, थोडी पांढरी पडली आहे. आज पुन्हा काढतोय. चेंडूवरचा उजेड कमी करायचा की चेंडूच गडद रंगवायचा?

जुनी_रीळ

चेंडू गडद रंगवा. उजेडाला हात लावू नका, तो चांगला बसलाय. आणि तारे तसेच राहू द्या.